कुंदाताईंनी सरळ केलेल्या रेषा

मैथिलीचा जीव गेली पाच वर्षं एका रेणूत अडकला होता. एक अणू धातूचा, एक कार्बनचा. तो गरगर फिरतो, त्या फिरण्याच्या रेषा यंत्रावर उमटतात आणि त्यांच्यातलं अंतर जवळजवळ सारखं असतं, एवढं तिच्या आईला, कुंदाताईंना, ठाऊक होतं. भोरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की या महिन्यात शिष्यवृत्ती संपतेय, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलंय आणि ही पोरगी आकडे टाइप करायचं काम आईच्या गळ्यात मारून खुशाल फिरते कशी!

टाइप करताना शेवटच्या रेषांचे आकडे सारखं अंतर सोडून वाकडे जाऊ लागले. "घाईत उतरवलेत, दुसरं काय!" म्हणत कुंदाताईंनी फरक काढून ते नीट करून टाकले. मैथिलीने न बघताच तक्ता पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना पाठवला.

सरांचं उत्तर आलं: सगळं साध्या सूत्रात बसलं, आता रेणूच्या वरच्या ऊर्जा-अवस्थेचं ते शेवटचं प्रकरण लागणार नाही, काढून टाक.

"आई, हे बसलं कसं?"

"मी बसवलं. शेवटचे आकडे धडधडीत चुकले होते."

"चुकले नव्हते गं! माझं अख्खं प्रकरण त्या वाकडेपणावर उभं आहे!"

"मग सांगायचं होतंस आधी!"

मैथिलीने कपाळाला हात लावला. "विंझरच्या आपल्या शेतातल्या भाताचं दर वर्षी काय रडगाणं असतं तुझं?"

"वरच्या खाचराचं पाणी झिरपतं. बांध कसला तो, वीतभर! खालचं भात मागे राहतं."

"तस्संच. साध्या रेणूत वरची अवस्था पार डोंगरावर असते, खाली काही पोचत नाही. धातू आला की ती वीतभर वर येऊन बसते. रेणू जितका जोरात फिरेल तितकी ती खालच्या अवस्थेत मिसळते आणि रेषा सरकतात. ती स्वतः यंत्राला दिसत नाही. त्या सरकण्यावरूनच तिचा पत्ता काढायचाय."

"थोडक्यात, हिनं खाचर सपाट करून टाकलं," मैथिलीचे वडील, वसंतराव, पेपरामागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"सरांना काय लिहू?"

"लिही, आईनं केलं."

"पीएचडीच्या सरांना? आईनं?"

"मग स्वतः टाइप करायचं होतंस!" कुंदाताईंनी चष्मा चढवला, मूळ कागद ओढला आणि धुसफुसत एकेक आकडा होता तसा भरू लागल्या. शेवटच्या आकड्यावर हात अडला.

"हा खरंच एवढा?"

"आई!"

"भरते, भरते."