बांधलेला ऊस

१९९५ साल. मी चौसष्ट वर्षांचा होतो. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि मुलानं मला साताऱ्याकडच्या गावातून उचलून लखनौला, विकास नगरच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं होतं. मुलगा एका संशोधन संस्थेत नोकरीला. सून शिकलेली, मोजकं बोलणारी. त्या घरात मला काम एकच. रोज सकाळी पाच वर्षांच्या नातवाला कोपऱ्यावर शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायचं. दीडशे पावलं. तेवढ्यासाठी मी कोट चढवून, टोपी घालून अर्धा तास आधी तयार बसायचो.

दिवाळीच्या आधी तेही जाणार होतं. मी कुणाला न सांगता नातवाला अमीनाबादच्या बाजारात घेऊन गेलो आणि येताना वाट चुकून दोन तास उशिरा पोचलो. सून दारात उभी होती. ओरडली नाही. "बाबा, पुन्हा असं झालं तर याला तुमच्याबरोबर पाठवणार नाही," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "वाट चुकलो नाही. गर्दी होती." चुकलो होतो.

पुढं जानेवारीत, एका रविवारी, मुलाच्या ऑफिसातल्या एकानं आम्हाला शेतावर बोलावलं. सीतापूरच्या रस्त्याला, तासाभरावर. आम्ही जीप ठरवून निघालो. धुकं एवढं की ड्रायव्हर काच खाली करून डोकं बाहेर काढून चालवत होता. अकराच्या सुमाराला ऊन पडलं आणि समोर ऊस दिसला. वर्षभरानं. मला जीपमधून उतरायला कुणाला हात द्यावा लागला नाही.

गुऱ्हाळ चालू होतं, त्याला तिकडं कोल्हू म्हणतात. डिझेलचं इंजिन धडधडत होतं, काहिलीत उकळणाऱ्या रसातून वाफ निघत होती. शेतमालक म्हणजे तोच ऑफिसातला, चाळिशीचा, हसतमुख. म्हणाला, "बाबूजी, आपके यहाँ भी ऊख होती है?"

"होती है?" मी म्हणालो. "हमारे यहाँ का ऊस देखोगे तो टोपी गिरेगी. ये तो बोरू है, बोरू!"

त्याला बोरू कळला नाही. मुलाला कळला. तो हळूच म्हणाला, "बाबा, आपण पाहुणे आहोत."

"मग? पाहुण्यानं आंधळं व्हायचं?"

मालक हसत होता. त्यानं हातावर गरम गूळ दिला, तो मी खाल्ला आणि म्हणालो, रसात चुना जास्त झालाय. शहरात आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. टीव्हीचं बटण कुठलं, गॅस कसा बंद करायचा, सगळं मलाच विचारावं लागे. इथं मात्र मला माहीत होतं.

सून आणि मालकाची बायको चुलीपाशी बसल्या. मुलगा आणि मालक पाण्याच्या मोटारीकडं गेले. मी दोन्ही नातवंडांना घेऊन बांधावर आलो. नात आठ वर्षांची. दोघांना मराठी समजे, पण बोलायची हिंदीत.

आमच्याकडं उसाच्या दोन ओळींमध्ये पाण्याची सरी असते. सरीत वाकून शिरायचं, नाकासमोर चालायचं, की माणूस पलीकडच्या बांधावर निघतो. आम्ही लहानपणी हाच खेळ खेळायचो. माझा मुलगाही खेळलाय.

मी म्हणालो, "एक सरी तुझी, एक तुझी. मी पलीकडं जाऊन उभा राहतो. जो आधी येईल त्याला माझ्या वाटचा गूळ."

"आज्जा, साँप होगा," नात म्हणाली.

"थंडीत साप झोपतो. तू काय भित्री आहेस का?"

"मैं नहीं डरता," नातू म्हणाला आणि शिरलासुद्धा.

मी बांधानं पलीकडं निघालो. चालतोय, चालतोय, पलीकडचा बांध येईना. एका शेताला लागून दुसऱ्याचा ऊस, त्याला लागून तिसऱ्याचा. मध्ये बांध कसला, वीतभर मेरसुद्धा नाही. परत फिरलो, तर नात जिथून शिरली तिथूनच बाहेर आलेली. गालावर पात्यांचे ओरखडे.

"आज्जा, अंदर रास्ता ही नहीं है. गन्ने बँधे हुए हैं."

मी पाती बाजूला सारून आत पाहिलं. तिचं खरं होतं. नातीच्या छातीएवढ्या उंचीवर या ओळीचा ऊस त्या ओळीच्या उसाला त्याच्याच पाल्यानं आवळून बांधला होता, कैचीसारखा. सगळं शेत असं. वाऱ्यानं पडू नये म्हणून तिकडं बांधतात, हे मला नंतर कळलं. नात उंच, ती अडकली. नातू कमरेएवढा, तो खालून सरपटत गेला असणार. आणि खाली सरी नव्हतीच. सपाट रान. कुठली ओळ कुठं जाते, काही कळत नव्हतं.

मी हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. मी आत शिरलो. दहा हातांवर टोपी गेली, कोट अडकला, मी गुडघ्यावर आलो आणि मला आलो ती दिशाही कळेना. नात बाहेरून ओरडत राहिली, तिच्या आवाजावर मी परत आलो.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. मी नातीला म्हणालो, "आईला काही सांगू नकोस. तो येईल एवढ्यात."

हे मी म्हणालो. आज लिहायलाही हात जड होतो, पण म्हणालो.

सुनेनं ताटं मांडली होती. "हा कुठाय?"

"इथंच होता," मी म्हणालो. "खेळत असेल."

तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. कपाळावर रक्त होतं. "हे काय लागलं?"

"काही नाही. पातं लागलं."

तिनं माझ्या मुलाला हाक मारली. मोटारीपाशी पाण्याचा हौद होता, पुरुषभर खोल, वर शेवाळ. सगळे आधी तिकडंच धावले. मालकानं बांबू घालून पाहिलं. मुलगा बूट काढून, स्वेटरसकट त्या गार पाण्यात उतरला. छातीपर्यंत पाणी. तो पायांनी तळ चाचपत होता. सून काठावर दोन्ही हात तोंडावर धरून उभी. तिनं नातीला विचारलं, "तू बघितलंस का त्याला? कुठं होता शेवटी?"

नातीनं माझ्याकडं पाहिलं.   आठ वर्षांची पोर माझा शब्द राखत होती, आणि तिचा बाप पाण्यात तिच्या भावाला शोधत होता.

मला अमीनाबाद आठवलं, दारात उभी राहिलेली सून आठवली. आता बोललो तर ती दीडशे पावलंही गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग मुलानं श्वास घेतला आणि डोकं पाण्याखाली घातलं.

"तो हौदात नाही," मी ओरडलो. "उसात आहे. मी धाडला."

सून वळली. "तुम्ही?"

"मीच. खेळ म्हणून."

"आणि इतका वेळ तुम्ही..." ती बांधाकडं धावली.

मालक मात्र एका क्षणात कोल्हूकडं पळाला. "अरे, इंजन बंद करो! बंद करो!" इंजिन थांबलं आणि एकदम एवढी शांतता झाली की मुलाच्या कपड्यांतून गळणारं पाणी ऐकू आलं. सगळे बांधावर उभे राहिलो. सुनेनं हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. "सियार हैं, नीलगाय है, और कुछ नहीं है," मालक तिला धीर देत होता, पण त्याची नजर सूर्याकडं होती. तीन वाजून गेले होते. चारनंतर पुन्हा धुकं उतरतं.

मग नात ओरडली, "गुड़ मिलेगा! आ जा, तू जीत गया!"

आतून, फार लांबून, रडणं आलं.

चार माणसं विळे घेऊन बांधण्या कापत शिरली. मालकानं उभा ऊस आडवा करायला मागंपुढं पाहिलं नाही. मीही विळा मागितला. त्यानं दिला नाही. "आप बैठिए, बाबूजी." मी बसलो नाही, पण विळाही पुन्हा मागितला नाही.

नातवाला मुलानं उचलून आणलं. एका पायात चप्पल नव्हती, चड्डी ओली, तोंड ओरखड्यांनी लाल. सुनेनं त्याला शालीत गुंडाळलं. तिच्या खांद्यावरून त्यानं मला पाहिलं आणि हुंदके देत म्हणाला, "आज्जा, आप तो वहाँ थे ही नहीं."

मी काय सांगणार होतो? की तिथं 'पलीकडचा बांध' नव्हताच?

 येताना जीपमध्ये मालकानं दिलेली गुळाची ढेप माझ्या मांडीवर होती. मुलगा घोंगडं पांघरून कुडकुडत होता. घरी सून मला वाढायला विसरली नाही. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो, कोट घातला. टोपी उसातच राहिली होती. नातवाचं दप्तर दारापाशी होतं. सून डबा भरून आली आणि थांबली. तिनं काही म्हणायच्या आत मी दप्तर उचलून तिच्या हातात दिलं. म्हणालो, "आजपासून तू सोड."

तिनं दप्तर घेतलं. नाही म्हणाली नाही. नातवाचा हात धरून ती जिना उतरली. मी गल्लीत आलो आणि उघड्या डोक्यानं, वीस पावलं मागं राहून, धुक्यातून त्यांच्या मागं रिक्षापर्यंत चालत गेलो.