सावली मोजणारे काका

भिलाईत उन्हाळ्याला शिव्या न देणारा माणूस आजवर एकच निपजला, आणि तो वैशाली नगरात आमच्या घरासमोर राहतो. मे महिन्यात सगळी गल्ली कूलरसमोर माना टाकून पडलेली असते, तेव्हा हे काका डोक्याला गमछा गुंडाळून आणि शर्टाच्या खिशात दोन थर्मामीटर खोचून बाहेर पडतात. एक थर्मामीटर कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी. दोघांतल्या फरकावरून हवेतली ओल कळते, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं आहे की झोपेतही सांगू शकेन. अख्खी नोकरी कारखान्यात भट्टीजवळ गेली. रिटायर झाले तरी उष्णतेची चौकशी सुटली नाही. कडुनिंबाखालची हवा वेगळी, टिनाच्या शेडखालची वेगळी, हे ते वहीत लिहून ठेवतात. एकदा पावर हाउस भागातल्या बाजारात एका भाजीवालीच्या छत्रीखाली इतका वेळ उभे राहिले की तिनं शेवटी विचारलं, "बाबूजी, लेना क्या है?" काका म्हणाले, "कुछ नहीं बाई, तुम्हारी छाँव देख रहा हूँ." तिनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी घाईघाईनं दोन किलो टमाटर घेतले. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एकट्या माणसानं ते आठवडाभर कसेबसे संपवले.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात शिकायला गेली आणि कोकणातल्या एका खाडीकाठच्या घरात सून म्हणून गेली. काकू गेल्यावर काका पहिल्यांदा महिनाभर तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा घरामागचं कांदळवन त्यांनी पाहिलं. खाऱ्या चिखलात पाय रोवून उभी असलेली ती झाडं पाहून हा विदर्भातून भिलाईत आलेला, समुद्र फक्त नकाशात पाहिलेला माणूस वेडाच झाला. परत आल्यावर चार महिने त्यांना दुसरा विषय नव्हता. "बाहेर डोकं तापून राहिलं होतं, अन् दहा पावलं आत गेलो तं कोणी ओला गमछा अंगावर टाकल्यासारखं झालं. वारा नाई, ऊन नाई, चिखल थंडगार. मासोळ्या चिखलातून चालून राहिल्या होत्या गा, मासोळ्या!" बोलता बोलता ते वही उघडत आणि आतले-बाहेरचे आकडे वाचून दाखवत. समोर ठेवलेला चहा थंड होई. मी ऐकत बसायचो, कारण मी उठलो की त्यांना रिकाम्या घरात परत जावं लागणार, हे मला दिसायचं.

पुढच्या वर्षी ते पुन्हा मुलीकडे गेले, तेव्हा कांदळवनाचा मोठा तुकडा तोडून तिथं कोळंबीची तळी खणली होती. त्या तळ्यांत जावयाचीही भागीदारी होती. काका थर्मामीटर घेऊन निघाले. तोडलेल्या जागेवर जो आकडा आला त्यावर त्यांचा विश्वासच बसेना. म्हणून मुलीच्या स्वयंपाकघरात त्यांनी थर्मामीटर आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून तपासला. थर्मामीटर बरोबर होता. चिखल तव्यासारखा तापलेला, वर मिठाचा पांढरा पापुद्रा. नव्यानं रुजलेली रोपं जागीच करपलेली. ज्यांना कोणी हात लावला नव्हता ती काठावरची झाडंही उघड्या वाऱ्यानं पानं टाकत होती. आतली ओल एक-एक पाऊल मागं सरकत होती.

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. शाळेमागचा उरलेला पट्टाही तोडायचा, असा ठराव यायचा होता. काका वही घेऊन उभे राहिले. कोणीतरी विचारलं, "तुम्ही कुठले?" "भिलाईचा." "भिलाईला समुद्र आहे का?" सगळे हसले. काकाही हसले. म्हणाले, "नाई. पण झाड नसलेल्या जागी कसं भाजते, ते मले तुमच्याहून जास्त मालूम आहे." मग त्यांनी सगळे आकडे वाचले. खाडीत खेकडे पकडणाऱ्या बाया मागं बसल्या होत्या. त्यातली एक उठली आणि म्हणाली, हे खरं बोलतायत, आम्हाला आता खेकड्यासाठी फार लांब जावं लागतं. तिच्यामागून बाकीच्याही बोलायला लागल्या. ठराव बारगळला, शाळेमागचा पट्टा वाचला.

जावई घरी येऊन शांतपणे म्हणाला, "बाबा, आता तुम्ही भिलाईलाच बरे." मुलीनं त्यांची बॅग भरून दिली.

त्यानंतर दोन वर्षं फोन फक्त सणाला. काका पूर्वीसारखेच उन्हात फिरत, पण वही दाखवायला आमच्याकडे येणं कमी झालं. दुपारी त्यांच्या घराचा दरवाजा उघडाच असे. आत टीव्ही नाही, माणसाचा आवाज नाही.

या हिवाळ्यात मुलगी आली. एकटीच, दोन दिवसांसाठी. मी भाजी द्यायला गेलो तेव्हा ती बापासमोर बसली होती. म्हणाली, "बाबा, तुमी बोलले ते खरं होतं. तळ्याकडून असा गरम वारा येते की दुपारी मागचं दार उघडता येत नाही. पण माह्या सासरी राहून, साऱ्या गावासमोर कायले बोलले? मले किती ऐकून घ्यावं लागलं, तुमाले माहीत आहे?"

काकांनी मांडीवरची वही बंद केली. मग म्हणाले, "माहीत होतं, बेटा. बोलाच्या आधी माहीत होतं."

ती रडली नाही. उठून तिनं त्यांच्या ताटात भाकर वाढली, आणि मी परत आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला दुर्ग स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी सुटली तरी काका बाकावर बसून राहिले. मीही 'चला' म्हणालो नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "पोरगी वाळली नं?"

"नाही काका, बरी दिसत होती," मी म्हणालो.

"नाई," ते रिकाम्या रुळांकडे पाहत म्हणाले, "वाळली."