मौलवीसाहेब हरले तो गुरुवार

एक वेळ देवाची पूजा उशिरा झालेली आमच्या मामंजींना चालायची, पण गुरुवारची बैठक चुकलेली खपत नसे. मामंजी म्हणजे माझे सासरे. औंढ्याच्या नागनाथाची सेवा भाऊबंदांवर सोडून त्यांनी उभा जन्म तहसिलीत कारकुनी केली, फारसी शिकले, आणि पेन्शनीत आल्यावर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. म्हणून मग वाचायला मी. माझ्या वडिलांनी मला संस्कृत वाचण्यापुरतं शिकवलं होतं, अर्थ मामंजी सांगायचे. फारसी किताब वाचायला मौलवीसाहेब यायचे. ते सरकारी शाळेत फारसी शिकवून घरी बसलेले, दोन गल्ल्या पलीकडे राहायचे आणि मामंजींना पंडितजी म्हणायचे.

विषय ठरलेला. राजानं राज्य कसं करावं आणि प्रजेनं ते कुठवर सोसावं. पोथ्या जुन्या, वाचणारे म्हातारे, आणि मध्येच माझी भाजी करपायची. मी पान मिटून उठले की राजनीती थांबायची.

वादाची रीत त्यांनी आपसांत बांधून घेतली होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं, मगच खोडायचं. आणि हरेल त्यानं पुढच्या गुरुवारपर्यंत जिंकणाऱ्याचं म्हणणं पाळायचं. नुसतं कबूल करून भागत नसे. राजानं प्रजेच्या आधी जेवावं का, या वादात एकदा मामंजी हरले, तर आठवडाभर ते गड्याच्या आणि माझ्याही मागून जेवले. सासूबाई हयात नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर त्यांनी दोघांनाही पोथ्यांसकट अंगणात बसवलं असतं.

मामंजी जुन्याच्या बाजूचे. चाल, रीत, देवाण-घेवाण ह्यांनी माणूस बांधलेला असतो. कायदा नंतर येतो, फौज त्याच्याही नंतर, असं ते म्हणत. भिंत पाडायच्या आधी तिनं काय तोलून धरलंय ते बघावं. मला राग यायचा. माझी नणंद न्हाण यायच्या आत विधवा झालेली, डोकं बोडून माजघरात बसलेली. मी एकदा म्हटलंच, तुमची ही भिंत वन्संच्या डोक्यावर उभी आहे. मामंजींनी मला पोथी मिटायला सांगितली. मौलवीसाहेब मात्र हसून म्हणाले की सूनबाई बराबर बोलल्या, आज आम्ही दोघंही हरलो. पण वन्संच्या डोक्यावर काही त्यामुळं केस आले नाहीत.

मग ते वाईट दिवस आले. हैदराबादच्या राज्याची अखेर जवळ आली तशी खाकी टोळक्यांना ऊत आला. आसपासची गावं ओस पडू लागली, माझे यजमान सरहद्द ओलांडून वऱ्हाडात निघून गेले. एक टोळकं आमच्या दारीही आलं होतं. तेव्हा मौलवीसाहेब काठी टेकत आले आणि आमच्या उंबऱ्यावर आडवे बसले. त्या टोळक्यातले दोघे त्यांचेच शागीर्द निघाले. मान खाली घालून गेले ते. मी आतून बघत होते.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि पारडं फिरलं. लोकांनी साखर वाटली, मीही वाटली. पण दोन दिवसांतच कानावर यायला लागलं की खेड्यापाड्यांत आता मुसलमानांची घरं जळून राहिलीत. मौलवीसाहेबांच्या भाच्यानं परभणीला न्यायला छकडा आणला होता. त्या गुरुवारी ते किताब न घेता आले. जावं की राहावं, एवढंच विचारायला.

आणि आमच्या मामंजींनी त्याचा वाद केला.

रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष. मौलवीसाहेबांनी का जावं, हे मामंजींनी असं मांडलं की मला पुरतं पटलं. सूड गुन्हेगाराचं दार शोधत नाही, जवळचं दार शोधतो. मोडलेल्या राज्याचा राग दुबळ्यावर निघतो. आणि नवं राज्य बसेपर्यंत कुणीच कुणाचा नसतो. सगळं सांगितलं, आणि मग एकेक करून सगळं खोडलं. हे गाव तुमच्या हाताखाली शिकलं, आमचा उंबरा तुम्ही राखला हे पोराटोरांना ठाऊक आहे, आणि जिंकलेल्या मुलखाची रीतभात राखावी हे तर तुमच्या-आमच्या दोन्ही पोथ्या सांगतात. चार पिढ्यांचा शेजार आठ दिवसांत मरत नाही, म्हणाले.

खोटं कशाला बोलू, त्यांचा विश्वास खरा होता. पण मौलवीसाहेब गेले तर ह्या आंधळ्या माणसाशी बोलायला गावात कुणी उरणार नव्हतं, ही भीतीही तितकीच खरी होती. ती काही त्यांनी वादात मांडली नाही.

मौलवीसाहेबांनी मान हलवली. हरले. मी त्यांच्या मागं अंगणात गेले आणि म्हटलं, म्हाताऱ्याचं ऐकू नका, आजच निघा. ते चपला पायात सरकवत म्हणाले, "बेटी, हरलो तर पाळायला नको? पुढच्या गुरुवारी जवाब घेऊन येतो." छकडा रिकामाच परत गेला.

सोमवारी दुपारी त्यांना त्यांच्याच अंगणात मारलं. मारणारे बाहेरगावचे होते म्हणतात. असतील. पण घर दाखवायला गावातलंच कुणीतरी पुढं चालत होतं, आणि गावानं दारं लावून घेतली होती. मामंजींना मी सांगितलं तेव्हा त्यांनी, दार दाखवणारा कोण, एवढंच दोनदा विचारलं. जेवले नाहीत.

दफन झाल्यावर मौलवीसाहेबांची बायको आमच्याकडे आली. इतक्या वर्षांत ती आमच्या ओसरीवर कधी चढली नव्हती. डोळ्यांत पाणी नाही, आवाजही चढलेला नाही. भाचा पुन्हा छकडा घेऊन आलाय, म्हणाली, आता आमी जावं का राहावं?

"जा," मामंजी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जा."

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हे त्यांना काहून न्हाई सांगितलंत? तुमाला तर सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी घरी येऊन मला सांगत होते, आपण काहून जावं ते पंडितजींनी किती बराबर मांडलं म्हणून."