काकीने शीड हलकं केलं

काकीचा उजवा खांदा गेला तो एका मंगळवारी, भर सकाळी, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. शीड अर्धं चढलं होतं आणि तिथेच हटून बसलं होतं. मागे सुकाणूवर बसून कप्तान ओरडत होते, "ओढ की! झोप लागली का?" काकीने जीव खाऊन ओढलं. खांद्यात कट्‌कन काहीतरी झालं आणि हात खाली आला, जणू तो तिचा नव्हेच. तिने आरडाओरडा केला नाही. डाव्या हाताने दोरी खुंटीला गुंडाळली, फळीवर बसली आणि म्हणाली, "अहो, वळवा मागे. आज नाही होणार माझ्याच्याने."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. कप्तानांनी मुकाट्याने होडी वळवली, यावरून काय ते समजा.

कप्तान म्हणजे काकीचा नवरा. होडी एवढीशी, हुद्दा मात्र दांडगा. खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या वस्तीला सामान न्यायचं, हे त्यांचं काम. टपालाची थैली, औषधांची खोकी, गॅसच्या टाक्या, शाळेची पुस्तकं, एकदा तर आख्खं कपाट. इंजिन होतं, पण ते धक्क्यातून बाहेर पडण्यापुरतं. पुढे गेलं की खोकायला लागायचं. मग शीड. आणि शीड म्हणजे काकी. कप्तान सुकाणूवर, काकी दोरीवर. लग्न होऊन आली त्या वर्षी सासऱ्यांनी ही वाटणी केली आणि ती बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शीड चढवण्यात एवढं काय आहे? पडद्याच्या दांडीवर कड्या सरकतात ना, तसंच आहे ते. डोलकाठीच्या पाठीला उभी पितळी पट्टी, तिच्यात शिडाच्या गुंड्या अडकवलेल्या. खालून दोरी ओढायची, वरच्या कप्पीवरून ती फिरते आणि कापड वर जातं. सांगायला सोपं. पण यांच्या होडीवर पहिल्या पाच गुंड्या वर गेल्या की सहावी रुसायची. झटका मारा, दोन वीत वर. परत रुसवा. उतरवणं त्याहून वाईट. दोरी सोडली तरी शीड वरच लटकलेलं. मग काकीने शिडाच्या खालच्या आडव्या काठीवर चढून, कापडाला लोंबकळून ते खाली खेचायचं, आणि खेचलं की सगळं धबाककन अंगावर. ओलं असलं तर विचारूच नका.

डॉक्टरांनी खांदा हलवून बघितला आणि सांगितलं, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही.

"किती दिवस?"

"कायमचंच धरून चला."

"अहो, डबे वरच्या फळीवर असतात माझे," काकी म्हणाली. डॉक्टर हसले. तिने विनोद केलेला नव्हता.

घरी आल्यावर कप्तानांनी फर्मान काढलं. "पुढच्या हंगामाला गडी ठेवू एखादा. तू आता घरी बस. पुष्कळ झालं तुझं." बोलले ते मनापासून, प्रेमाने. रागाने बोलले असते तर काकीला भांडता तरी आलं असतं.

कारण घरी बसणं म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाई घरात दिसली की कामाला लागते. शेजारणीला तिच्याकडे लेकरू सोडून जायचं असतं, जावेला तिच्याकडून वाटण करून हवं असतं, दारावर येणाऱ्या प्रत्येकाला पाणी हवं असतं. होडीवर तसं नव्हतं. शीड चढवताना जीव जायचा खरा, पण एकदा ते चढलं की पलीकडचा धक्का येईपर्यंत चाळीस मिनिटं काकीला कुणी काही मागू शकत नव्हतं. ती पुढच्या फळीवर पाय लांब करून बसायची. बोलायची नाही, विणायची नाही, शेंगा सोलायची नाही. आयुष्यात तिला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते गड्याला द्यायला ती तयार नव्हती. म्हणून तिने ठरवलं, खांदा गेला तर गेला, शीडच हलकं करायचं.

हंगाम संपायला आलाच होता, तो संपला. दरवर्षीप्रमाणे डोलकाठी काढून शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली. पुढचा हंगाम जवळ आला तशी काकी शीड मांडीवर घेऊन उसवलेल्या शिवणीला टाके घालत होती. गुंड्यांना हात लागला की बोटं काळी व्हायची. ती दरवर्षीच व्हायची, आणि दरवर्षी ती फडक्याला पुसायची. या खेपेला घाई कसली नव्हती. तिने तो काळा लगदा अंगठा आणि बोटामध्ये चोळला. करकरला. परत चोळला. वाळू. ग्रीसमध्ये कालवलेली बारीक वाळू आणि मीठ, अगदी भांडी घासायच्या पुडीसारखं.

ती उठून डोलकाठीपाशी गेली आणि पट्टीच्या खाचेत नख घातलं. तिथेही तेच, वर्षानुवर्षांचं, थरावर थर.

आणि ग्रीस घालायचं कोण? कप्तान. दरवर्षी हंगामाच्या आधी नवा डबा आणायचे, बाह्या सरसावून अर्धा दिवस पट्टीत बोटाने ग्रीस भरायचे, आणि मोठ्याने हाक मारायचे, "ये गं, बघ! तुझ्यासाठी बरं का. लोण्यासारखं चालेल आता!" दोन दिवस चालायचं. मग खाडीचा वारा वाळू आणायचा, लाटा मीठ आणायच्या, आणि ग्रीस ते सगळं पोटाशी धरून ठेवायचं. वर्षभरात नवऱ्याने तिच्यासाठी म्हणून केलेलं हे एकच काम. काकीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. शेवटी तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. पाणी तापत ठेवलं.

चार दिवस लागले. गरम पाणी, साबण, जुना टूथब्रश आणि एकटा डावा हात. रोज कंबर मोडायची. दुपारी भिंतीला टेकून बसली की तिला वाटायचं, मरू दे ते शीड, गडी येऊ दे, आपण झोपावं. मग शेजारीण "काकी, आहात का?" म्हणत डोकावायची आणि काकी परत ब्रश उचलायची. गुंड्या घासल्या, पट्टी घासली, खाचेत कोरडी मेणबत्ती फिरवली. वरची कप्पी खडखडत होती, ती बदलून आणली. आणि शीड उतरताना अंगावर येऊ नये म्हणून आडव्या काठीच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची झोळी बांधायचं ठरवलं. कापड आपोआप तिच्यात पडेल. पट्टीचा शेवटचा हातभर तुकडा तिने मुद्दाम तसाच ठेवला. पुरावा नको?

पाचव्या दिवशी कप्तान नवा डबा घेऊन हजर. बाह्या वर, स्वारी खुशीत.

"नको," काकी म्हणाली.

"काय नको?"

"ग्रीस नको. इकडे या." तिने एक गुंडी त्यांच्या हातात दिली. "सरकवा."

गुंडी स्वच्छ पट्टीवरून सुळकन गेली आणि शेवटच्या हातभर तुकड्यापाशी येऊन अडली. कप्तानांनी रेटली. जागची हलेना. त्यांनी खाचेत बोट घातलं, बोटावरचं काळं बघितलं, चोळलं. ते करकरणं काकीला दोन पावलांवरून ऐकू आलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"हो."

"तुझा खांदा..."

"हो," काकी म्हणाली. जिभेवर "असू द्या" आलं होतं, सवयीने. तिने ते गिळलं. असू देण्यासारखं नव्हतंच ते. तिला राग आला होता आणि कीवही आली होती, आणि दोन्हींपैकी एकही उतरत नव्हतं. कप्तानांनी डब्याचं झाकण लावलं, खाली बसले आणि उरलेला हातभर तुकडा स्वतः घासून काढला. कितीतरी वेळ घासत होते.

हंगामाचा पहिला दिवस. होडी धक्क्यातून बाहेर पडली, तोंड वाऱ्याकडे झालं, काकीने डाव्या हाताने दोरी ओढली. शीड चढलं. सहावी गुंडी गेली, सातवी गेली, आणि बघता बघता टोकाला टेकलंसुद्धा. हात खांद्याच्या वर न्यावा लागला नाही. तिने दोरी सोडली तर सरसर खाली येऊन झोळीत पडलं. परत चढवलं, परत उतरवलं. एवढंच होतं? काकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं म्हणावं तर तसंही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं असं होऊ शकलं असतं.

"मी बघू?" कप्तान म्हणाले. त्यांनी सुकाणू दोरीने बांधून ठेवलं, पुढे आले आणि एकट्याने शीड वर नेलं. होडी इंचभरही वळली नाही. कप्तानांचा चेहरा खुलला.

"अगं, हे तर एका माणसाचं काम झालं! गडीही नको आणि तूही नको. मी एकटा जाईन रोज. सुटलीस तू!"

अगदी मनापासून म्हणाले हो.  सगळा विचार केला होता काकीने, मेणबत्तीपासून झोळीपर्यंत. हे तेवढं सुचलं नव्हतं.

"एक माणूस पुरे?" तिने विचारलं.

"पुरे म्हणजे? आत्ता दाखवलं ना तुला!"

"मग तुम्ही राहा घरी."

कप्तान मोठ्याने हसले. काकी हसली नाही. उठली, मागे गेली, सुकाणूची दोरी सोडली आणि त्यांच्या जागेवर बसली. "दमलेय मी, अहो. तुमच्या ओरडण्याने दमले, त्या दोरीने दमले. अजून आठवडाभर झोपले तरी जाणार नाही एवढी दमलेय. पण मी उतरणार नाही. हे हलकं मी माझ्यासाठी केलंय."

कप्तानांचं हसू ओसरलं. तुला सुकाणू जमतं का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. पण होडीने वारा घेतला होता आणि ती सरळ पलीकडच्या वस्तीकडे निघालीही होती. हात रिकामे. ते तसेच उभे राहिले, मग पुढच्या फळीवर चाचपडत बसले.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नको," काकी म्हणाली. "नुसते बसा."