ताणावरचं गवत

नगरजवळच्या गोल्फ क्लबात कल्याण पालवे आला तो खुरपं घेऊन. पाथर्डीकडचा, ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत वाढलेला गडी. चोवीस वर्षांत खुरप्यावरून गवत कापायच्या यंत्रावर, यंत्रावरून मैदानाच्या मुकादमीवर आणि जुना मॅनेजर गेल्यावर थेट त्याच्या खुर्चीत. पण नावापुढं 'प्रभारी' लागलं, ते दोन वर्षं गोचिडागत चिकटून बसलं. अध्यक्ष श्रीमंतराव अजून त्याला अरे-तुरेच करीत. मार्चातली मोठी स्पर्धा नीट पार पडली की 'प्रभारी' काढू, असं मात्र त्यांनी कबूल केलं होतं.

कल्याणनं दोन महिने ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, पाण्याच्या पाळ्या लांबवत आणल्या. स्पर्धेला बारा दिवस उरले तेव्हा पाणी पार तोडलं आणि अहवालात लिहिलं, 'सध्या ताण दिला आहे, पाणी बंद.' डाळिंबवाल्याला हे फोडून सांगावं लागत नाही. ताणावर सोडलं की मुळ्या पाण्यासाठी खाली धावतात. ऑफिसातली मोनिका शहरातली. तिनं कमिटीसाठी त्याचं इंग्रजी केलं : मॅनेजर तणावाखाली आहेत, पाणीसुद्धा घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला बोलावणं आलं.

"कल्याण, महिनाभर रजा घे," श्रीमंतराव गोड आवाजात म्हणाले. "पुण्याचा एक जण तयार आहे. तुला झेपत नाही."

"मला काय धाड भरलीय? ताण गवताला दिलाय."

"म्हणून पिवळं पडलंय होय ते? आज पाणी सोड."

"न्हाई सोडनार."

श्रीमंतरावांनी रजेचा अर्ज पुढं सरकवला. टाईप केलेला, सहीच काय ती बाकी. कल्याण उठून बाहेर गेला. गेला गडी, असं सगळ्यांना वाटलं. तो परतला तो दोन हातांत मुळांसकट उपटलेल्या गवताची दोन ढेपसं घेऊन, आणि दोन्ही त्यानं अर्जाच्या उरावर ठेवली.

"अरे, टेबलावर माती?"

"गोल्फ काय टेबलावर खेळत्यात व्हय, सायेब?"

त्यानं ढेपसं फोडली. रोज पाणी पिणाऱ्या सरावाच्या ग्रीनच्या मुळ्या नखाएवढ्या. ताणावरच्या बोटभर, पांढऱ्याफेक.

"ह्ये पयलं गवात लोकांच्या बुटाखाली सोलून निघंल. दुसरं न्हाई निघायचं. चार दिसांनी मीच पानी सोडतो. पुन्याचा मानूस आजच सोडंल, आन दोन म्हैन्याचं काम बोंबलंल."

"आणि मेलं तर?"

"मंग सही करीन. आदी न्हाई."

श्रीमंतरावांनी अर्ज ओढून बघितला. ओल्या मातीखाली तो फाटला. "बघू," ते म्हणाले.

बरोबर चार दिवसांनी कल्याणनं पाणी सोडलं. तीन दिवसांत गवत उठून उभं राहिलं. स्पर्धा झाली, बाहेरचे खेळाडू चेंडू सरळ पळतो म्हणाले, आणि महिन्याभरानं पत्र आलं. त्यात 'प्रभारी' नव्हतं.

"सर, पेढे," मोनिका म्हणाली.

"अध्यक्षांकडं माग," कल्याण पत्राची घडी घालत म्हणाला. "दोन वर्सं उशीर त्यांनी केलाय."