जिन्याखालची पाचवी

आइंडहोवनमधल्या आमच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे. कपाट म्हणजे जिना वर चढतो त्याच्या पोटातली तिरकी जागा. दारापाशी उभं राहता येतं, आत जाल तसं वाकावं लागतं आणि शेवटी रांगावं लागतं. शेजारीपाजारी तिथे व्हॅक्यूम क्लीनर, बूट आणि ख्रिसमसचं सामान ठेवतात. आम्ही तिथे पाचवीचा वर्ग ठेवला होता. त्याआधी चौथीचा आणि त्याआधी तिसरीचा.

कारण साधं होतं. बायकोला इथे चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. पाच वर्षं राहायचं आणि ती सहावीत जाईल त्या जूनमध्ये पुण्याला परतायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मी चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होतो. ती नोकरी सोडून मी बायकोच्या व्हिसावर आलो. परत गेल्यावर मुलीला तिच्या वयाच्या मुलांबरोबर बसता आलं पाहिजे, तिचं वर्ष वाया जाता कामा नये, एवढी एक जबाबदारी माझ्याकडे आली. आली म्हणजे मीच मागून घेतली.

या देशात मूल घरी ठेवून शिकवायला सहसा परवानगी मिळत नाही. पाच वर्षांचं झालं की त्याने शाळेत गेलंच पाहिजे, नाहीतर नगरपालिकेकडून विचारणा होते. त्यामुळे आमची शाळा म्हणजे दुसरी पाळी. पहिल्या पाळीला मुलगी सायकलवरून डच शाळेत जायची. तिथे गृहपाठ जवळजवळ नाही, परीक्षेचा धाक नाही, चुकलं तर बाई हसतात. दुसरी पाळी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," बायको म्हणायची.

"घोडं नाही, राज्य बोर्ड," मी म्हणायचो.

सामान दरवर्षी उन्हाळ्यात पुण्याहून यायचं. आम्ही जायचो तेव्हा एक बॅग जाताना मोकळी असायची आणि येताना वजनकाट्यावर सगळ्यांना घाम फोडायची. पाठ्यपुस्तकं, स्कॉलरशिपच्या सरावाची पुस्तकं, दुरेघी वह्या, चौकटीच्या वह्या, तपकिरी कव्हरं, नावाची लेबलं. चौकटीच्या वह्या इथेही मिळतात, पण चौकट बारीक. तिच्यात आपला आकडा मावत नाही, असं माझं मत होतं. मुलीचा मावायचा. तरीही मी पुण्याच्याच आणायचो.

हे सगळं मी जिन्याखाली स्टोअरच्या शिस्तीत लावलं. उंच भागात चालू वर्ष, मधल्या भागात गेलेलं वर्ष, अगदी तिरक्या टोकाला पुढचं वर्ष. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. जुना माल आधी वापरायचा, नवीन मागे. खोडरबर संपत आलं की ते संपण्याआधी मला कळलं पाहिजे. एकदा बायकोला पार्सलसाठी चिकटपट्टी हवी होती. ती कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मागणीपत्र भरू का, साहेब? तीन प्रतींत?" मी तिला चिकटपट्टी दिली आणि ती परत जागेवर आली का, ते संध्याकाळी पाहिलं.

वेळापत्रक फ्रिजवर असायचं. सोमवारी आणि गुरुवारी शाळेनंतर मराठी, शनिवारी सकाळी परिसर अभ्यास आणि चाचणी. आणि मुख्य दिवस बुधवार. इथे बुधवारी शाळा दुपारीच सुटते. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आनंद झाला. अख्खी दुपार मोकळी, जणू कुणीतरी आमच्यासाठीच राखून ठेवलेली. बुधवारी गणित आणि स्कॉलरशिप बसवली. ती जेवायची, हात धुवायची आणि बसायची. मी चहा घेऊन समोर.

पुण्यात माझी वहिनी एका शाळेत शिक्षिका आहे आणि तिची मुलगी आमच्या मुलीच्याच इयत्तेत. दर महिन्याला वहिनी फोनवर पोर्शन पाठवायची: इथपर्यंत झालं. आम्ही एक धडा मागे असलो तर मला झोप नीट लागायची नाही, एक धडा पुढे असलो तर मी भाजी निवडताना गुणगुणायचो. बायकोने हे हेरलं होतं. "आज आपण पुढे आहोत वाटतं," असं ती दारातून आत येतानाच म्हणायची.

मुलीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची आणि चिडली की डचमध्ये. मराठी आकडे तिला सोपे गेले, हे एक आश्चर्य. चोवीस म्हणजे चार आणि वीस. डचमध्येही आधी चार आणि मग वीसच म्हणतात. अडखळायची ती इंग्रजी आकड्यांत.

भांडण झालं ते भागाकारावरून. इथली मुलं घास घेत भागाकार करतात, शाळेतल्या बाईसुद्धा डचमध्ये त्याला घासच म्हणतात. चारशे बत्तीसला बाराने भागायचं, तर आधी दहा वेळा बारा काढून घ्यायचे, पुन्हा दहा वेळा, पुन्हा दहा वेळा, मग पाच वेळा, मग एकदा. घासांची बेरीज छत्तीस. आपण वर रेघ मारतो, त्रेचाळीसला तीनचा भाग लावतो, दोन खाली उतरवतो आणि मोकळे होतो. मी म्हटलं, ही पद्धत चालणार नाही.

"बट वी हॅव द सेम आन्सर, बाबा."

"उत्तर बरोबर आहे. पद्धत चुकली."

"हू सेज?"

"पुण्याच्या शाळेत पायऱ्यांचे मार्क असतात."

तिने पेन्सिल टेबलावर आपटली आणि डचमध्ये काहीतरी म्हणाली. मी त्या गणिताला अर्धा मार्क दिला. दुसऱ्या दिवशी तिने सगळे भागाकार माझ्या पद्धतीने करून दिले आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात घासही मांडून ठेवले, उत्तर जुळतं का ते बघायला. तिचा माझ्या पद्धतीवर विश्वास नव्हता. तिचं मांडणं नीटनेटकं होतं, त्यामुळे मी ते चालवून घेतलं.

बुधवारची दुपार खरी कशासाठी असते, ते मला उशिरा समजलं. एका बुधवारी दार वाजलं. मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई होती, सायकल हातात धरून, मागे ती मैत्रीण. ती म्हणाली, आज तुमची मुलगी आमच्याकडे खेळायला येऊ शकेल का? मी म्हटलं, आज तिला शाळा आहे. बाई गोंधळली. शाळा तर आत्ताच सुटली, म्हणाली. मी म्हटलं, दुसरी. तिने पुढच्या बुधवारचं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या बुधवारीही. तिने मान डोलावली, अगदी सभ्यपणे, आणि दोघी निघून गेल्या. मुलगी टेबलाशी बसून सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिची तीन गणितं चुकली.

शाळेत पालकांना वर्षातून दोनदा दहा मिनिटं भेटायला बोलावतात. तिच्या बाईंनी आधी कौतुक केलं. मग म्हणाल्या, बुधवारी इथली मुलं एकमेकांच्या घरी जातात, मैत्री तिथेच पक्की होते, तुमच्या मुलीला कुणी आता बोलावतच नाही. मी आमची शाळा समजावून सांगितली. जून, सहावी, पुणे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तिला काय वाटतं? मी म्हटलं, ती तक्रार करत नाही. तेव्हा ते पूर्ण खरं नव्हतं. पुढे झालं. दिवाळीनंतर तिने कुरकुर करणं सोडूनच दिलं. स्वतः वही काढायची, तारीख घालायची, बसायची. मला वाटलं, गाडी एकदाची रुळावर आली.

माझ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात. आरती झाली, प्रसाद झाला की पुरुष एकमेकांना विचारतात, "आपण कुठे?" कुठे म्हणजे कुठल्या कंपनीत. पहिल्या वर्षी मी सध्या घरीच असतो असं सांगितलं, आणि समोरच्याने मोदकाकडे पाहिलं. पुढच्या वर्षीपासून मी सांगायला लागलो, "मी शाळा बघतो." लोकांना हे आवडायचं. पालक होते ते पोर्शन विचारायचे, वेळापत्रकाचा फोटो मागायचे. ही शाळा नसती तर मी या देशात नेमका काय करत होतो, ते मला सांगता आलं नसतं. हे मला माहीत होतं आणि मी त्याचा विचार करत नसे.

त्याच दिवाळीच्या आसपास बायकोची नोकरी कायम झाली. मी दुधाच्या पावडरचे पेढे केले, ती ते ऑफिसला घेऊन गेली. माझं म्हणणं एवढंच की कायमची नोकरीसुद्धा सोडता येते. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण बघायचंच नसेल तर कांकण तरी कुठे दिसतं?

फेब्रुवारीत एका रविवारी वहिनीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, बायको पोळ्या लाटत होती, मी भाजत होतो, मुलगी वर तिच्या खोलीत होती.

"भाऊजी, सहावीच्या जागा भरतायत हं. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय मी. तुम्ही जूनला नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

बायकोचं लाटणं थांबलं. मी फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली.

"अरे, त्यांना नको म्हणून कळव. आपण जात नाही आहोत."

"कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला लागतं का? मी कायमची सही केली. तू पेढे केलेस."

"पेढे नोकरीचे होते."

"मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तू पोर्शनचं बोलायला लागलास."

तव्यावरची पोळी करपली. मी ती काढली आणि दुसरी टाकली. मला राग आला होता. तिने ठरवलं याचा नाही, तिचं बरोबर होतं, हे त्याही क्षणी मला कळत होतं. नोकरी तिची, मुलगी इथे वाढलेली, पुण्यात माझ्यासाठी जागा राखून कुणी बसलेलं नव्हतं. राग आला तो मी इतका ठरल्यासारखा 'नक्की' म्हणालो याचा.

"तिला कसं सांगायचं?" मी विचारलं. "एवढं शिकली ती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग पोळीकडे. "तूच सांग," म्हणाली. माझं काय, हा प्रश्न मीही विचारला नाही. दोन्ही बाजूंनी अळीमिळी गुपचिळी. पोळ्या संपल्या तशी मी कणकेचं भांडं धुतलं.

मी बुधवारपर्यंत थांबलो. ती शाळेतून आली, जेवली, हात धुतले, वही काढली. तारीख घातली. मी चहा घेतला नव्हता.

"आज गणित नाही," मी म्हटलं. "आपण पुण्याला जाणार नाही आहोत. इथेच राहणार. त्यामुळे ही शाळा आता बंद."

मी हे वाक्य दोन दिवस घोटलं होतं. ती रडेल, किंवा नाचेल, दोन्हीची तयारी होती.

"आय नो," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दॅट वी आर स्टेइंग. आई टोल्ड मी. ऑक्टोबरच्या सुट्टीत."

मी ऑक्टोबरपासूनचे महिने मनात मोजायला लागलो आणि मग सोडून दिले.

"मग इतके दिवस तू बसत का होतीस?"

तिने पेन्सिलीचं टोक पाहिलं. उत्तर द्यायला तिला वेळ लागला, कारण ती मराठीत जुळवत होती.

"तू बुधवारी एकटा असतोस ना, बाबा."

वाक्यात एकही चूक नव्हती. मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं. दोन्हींतलं जास्त कोणतं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. दहा वर्षांची मुलगी मैत्रिणींविना बुधवार काढत होती, माझ्या पद्धतीचे भागाकार करत होती, आणि मी समोर बसून पायऱ्यांचे मार्क कापत होतो.

मी तिला म्हटलं, त्या दिवशी दारात आलेली मैत्रीण आज मोकळी आहे का, विचारू या. इथे न विचारता कुणी कुणाकडे जात नाही. मी त्या आईला माझ्या फोनवरून मेसेज केला. उत्तर लगेच आलं, ये म्हणून, पुढे तीन उद्गारचिन्हं. मुलीने वही मिटली आणि जाकीट घातलं. बाहेर वारा होता. मी तिची सायकल शेडमधून काढून दिली. तिने एक पाय पेडलवर ठेवला, पण निघाली नाही.

"मग तू काय करणार?"

"भाजी आणायची आहे."

"अँड देन?"

"मग बघू."

तिला हे पटलेलं दिसलं नाही. "साडेपाचला येते," ती म्हणाली.

"सावकाश ये," मी म्हटलं. ती लवकर यावी असं मला वाटत होतं.