लेन तीन उर्फ जांभळी

टोलनाक्याच्या खिडकीत मी चार वर्षं बसले. तिथे पैसा काही जमला नाही, जमले ते किस्से! गाडीच येईना, मग माणसं बोलणार नाहीत तर काय करणार? शहापूर-मुरबाडच्या मधला नवा कोरा रस्ता, वर निळं छप्पर, आणि खाली आम्ही जांभया देत. आता नाका नाही. आम्ही जुने लोक कुठे भेटलो की किस्से निघतात, पण हल्ली हसता हसता मध्येच सगळे गप्प होतात.

त्याला कारण गोपाळकाका. शेजारच्या पाड्यातले. त्यांचं भाताचं एकुलतं चांगलं शेत नाक्याखाली गेलं आणि बदल्यात गेट वर-खाली करायची नोकरी मिळाली. कागदावर लिहिलं होतं, 'टोल असेपर्यंत कायम'. काका सगळ्यांना कागद दाखवायचे आणि त्यातला शेवटचा शब्द तेवढा वाचायचे. "कायम!"

*

आमच्याकडे शेतांना नावं असतात. काकांच्या शेतात जांभळाचं झाड होतं, म्हणून ती 'जांभळी'. ती आली बरोबर लेन तीनखाली. काकांनी हट्टाने ड्यूटी तिथेच मागून घेतली.

नवे मॅनेजर इंदूरचे. पहिल्याच दिवशी त्यांनी वॉकीटॉकीवर विचारलं, "गोपाळजी, किधर हो?"

"जांभळीत!"

झालं! जीप दोन तास जांभळी नावाचं गाव शोधत फिरली. परत आली तर काका आपल्या जागेवर. मॅनेजर भडकले. काकांनी काँक्रीटवर दोनदा पाय आपटला. "ही काय साहेब, जांभळी. मी सकाळधरनं हितंच हाय."

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. रजिस्टरात त्या दिवसापासून 'लेन तीन उर्फ जांभळी' असं लिहिलं जाऊ लागलं.

*

आसपासच्या गावांना टोल माफ. खिडकीशी येऊन "लोकल!" म्हणायचं, आधार कार्ड दाखवायचं आणि सुटायचं. बघता बघता जो तो लोकल!

एकदा घाटकोपरचे एक गृहस्थ आले. मी विचारलं, "लोकल का?"

"हो तर! रोज लोकलनेच जातो, आज पहिल्यांदा गाडी काढली!"

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. काकांनी गेट उचललं. "सोड गो पोरी त्याला. खरं बोलला बिचारा."

*

ज्यांना टोल भरावा लागायचा, ते ट्रक-टेम्पो पाड्यामागच्या जुन्या कच्च्या रस्त्याने जायचे. एका पावसाळ्यात तिथे एक टेम्पो चिखलात रुतला. क्रेन आमचीच गेली, सोबत काका. टेम्पोत कोण? काकांचे जावई, वैशाखरे गावचे!

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाव्हणं, तुमी पण? मी उभा हाय ना थितं! सोडलं असतं तुमाला."

"मामा, वैशाखरे लोकलात येत नाय," जावई खाली मान घालून म्हणाले. "आन् तुमी फुकट सोडलं असतं, तर तुमची नोकरी गेली असती."

त्या दिवशी काका डबा न उघडताच घरी घेऊन गेले.

*

आणखी एक किस्सा काका पहिल्या वर्षी खदखदा हसत सांगायचे. रस्ता व्हायच्या आधी गाड्या मोजायला दोन जण आले होते. हातात टिकटिक करणारं यंत्र घेऊन जांभळाखाली बसले. नेमकी म्हसा गावची जत्रा चाललेली! जीपा, बैलांचे टेम्पो, पाळण्यांचे ट्रक, नुसती रीघ. त्यांनी काकांना विचारलं, "काका, इथे रोज एवढ्या गाड्या असतात?"

"तर! रोज!"

काकांना वाटलं, जत्रेचं विचारतायत. जत्रेत रोजच असतात की! त्यांनी लिहून घेतलं, काकांना चहा पाजला आणि निघून गेले. त्या आकड्यांवर रस्ता उभा राहिला.

तिसऱ्या वर्षापासून काकांनी हा किस्सा सांगणं सोडलं. आमचा पगार दोन-दोन महिने थकायला लागला होता. एकदा चहा पिताना ते हळूच म्हणाले, "मी नीट इचारलं असतं ना गो, कंचं रोज, तर जांभळी वाचली असती." मी म्हटलं, "काका, एका शब्दाने कुठे रस्ते होतात का?" ते उरलेला चहा ओतून गेटकडे गेले.

*

टोलची कंपनी बसली. केबिन उचलल्या, छप्पर उतरवलं. शेवटच्या दिवशी कागद घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला काकांनी विचारलं, "टोल गेला. आता माझं शेत परत द्या."

"काका, घेतलेली जमीन परत होत नसते."

"मंग ती कायम गेली?"

"कायम."

*

गेल्या थंडीत मी स्कूटीवरून आटगावला चालले होते. नाक्याच्या जागी काँक्रीट तेवढं उरलंय. काका तिसऱ्या लेनवर आपलं जुनंच स्टूल टाकून बसलेले. मी थांबले. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात एक गाडी आली. दोन तरुण उतरले, हातात टॅब. दुसरी कुठली तरी कंपनी हा रस्ता घेणार म्हणे, त्याचा सर्व्हे.

"नमस्कार काका. इथे रोज किती गाड्या जातात? तुम्ही लोकलच ना?"

काका उठले. स्टूल काखेत मारलं. एकदा पायाखाली बघितलं.

"नाय बाबा," ते म्हणाले, "मी लोकल नाय."